पारदर्शक रेझिनच्या लोकलमध्ये दिवे लावताना

रात्री दहाच्या सुमारास फलाटाच्या टोकाला उभं राहून येणारी लोकल नीट बघा. आधी दिसतो हेडलाइट, मग त्याच्यावरचा इंडिकेटर. गाडी समोरून सरकू लागली की उघड्या दरवाज्यांतून पांढरा उजेड फलाटावर सांडतो आणि खिडक्यांचे चौकोन एकामागून एक निघून जातात. डब्याचा पत्रा मात्र काळोखातच असतो. मोटरमनची केबिनही अंधारी असते, कारण आत दिवा लावला तर त्याला काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसेल, बाहेरचा रूळ नाही.

हे आधी सांगण्याचं कारण असं, की थ्रीडी प्रिंटरवर पारदर्शक रेझिनमध्ये, म्हणजे उजेडाने घट्ट होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकमध्ये, प्रिंट केलेल्या लोकलच्या छोट्या मॉडेलच्या डब्यात एलईडी ठेवला की नेमकं उलटं होतं. भिंती, छत, कडा असा सगळा डबा आकाशकंदिलासारखा उजळतो. माझा पहिला डबा असाच झाला होता. मी दिवे वाढवत गेलो आणि डबा जास्तच कंदील होत गेला. या कामात उजेड करणं हा सोपा भाग आहे. नवशिक्याचा बहुतेक वेळ उजेड अडवण्यात जायला हवा, आणि हा लेखही तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

काय करायचं, किती मोठं

पूर्ण गाडीच्या मागे लागू नका. अर्धा डबा करा: मोटरमनच्या केबिनपासून पहिल्या एकदोन दरवाज्यांपर्यंत, कपाटावर ठेवायचा, न चालणारा. लोकलचा डबा साधारण २० मीटर लांब आणि ३.६६ मीटर रुंद असतो. १:८७ या मापात, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान केला तर, अर्धा डबा सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांब आणि ४२ मिलिमीटर रुंद होतो. घरगुती लहान रेझिन प्रिंटरवर तो मावतो आणि आत बोटं घालून वायरी ओढायला जागाही राहते. १:१६० मध्ये रुंदी २३ मिलिमीटरवर येते. ते दुसऱ्या-तिसऱ्या मॉडेलसाठी ठेवा.

कापलेल्या बाजूचं काय करायचं, तर तिथे आतल्या तोंडाने एक सपाट आरसा बसवा. दरवाज्यातून आत पाहिलं की बाकांची आणि दिव्यांची रांग आरशात पुढे चालू राहते, डबा पूर्ण वाटतो आणि दिवेही अर्ध्यात भागतात.

प्रिंटर नसेल तर फाइल देऊन प्रिंट करून देणारे लोक आता बऱ्याच शहरांत आहेत. त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: पारदर्शक रेझिन हवं, आणि धुतल्यावर जास्त वेळ यूव्हीखाली, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या अतिनील किरणांत, ठेवू नका.

सगळंच पारदर्शक करायला हवं का? नाही. फक्त सपाट खिडक्या असलेल्या इमारतीसाठी साधं राखाडी रेझिन आणि आतून चिकटवलेली ओएचपी शीट (पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद) पुरते, आणि कष्ट निम्म्याने वाचतात. पारदर्शक रेझिनची खरी गरज केबिनची काच, हेडलाइटचं भिंग, इंडिकेटरचा चौकोन अशा ठिकाणी असते, जिथे काच आणि भिंत एका पातळीत हवी. म्हणून डब्याचं कवच पारदर्शक आणि बाकांसकट जमीन राखाडी, अशी वाटणी मला पटते. कवच खालून उघडं ठेवा, जमीन खालून सरकवून बसेल अशी करा. भिंत दीड ते दोन मिलिमीटर जाड असू द्या.

फाइल तयार करतानाच हेडलाइटच्या मागे ३ मिलिमीटर एलईडी बसेल एवढा खड्डा, छताखाली वायरींसाठी उथळ खोबण आणि मागच्या कोपऱ्यात खाली उतरणारं एक भोक करून घ्या. रंग झाल्यावर ड्रिल चालवलं की रंगाच्या कपच्या उडतात आणि तेवढ्या जागेतून उजेड बाहेर येतो.

प्रिंट, धुणं, वाळवणं

आधार देणाऱ्या काड्या खिडक्यांवर आणि केबिनच्या तोंडावर येणार नाहीत अशा बेताने मॉडेल तिरकं ठेवा. काडी तोडल्याचा खड्डा खिडकीवरून घासून काढायला अर्धा तास जातो आणि तरी खूण उरते.

कच्चं रेझिन त्वचेला लागू देऊ नका. एकदा त्याची ॲलर्जी झाली की पुढे थोडासा स्पर्शही त्रास देतो, त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे रोज, न चुकता. धुण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. ते झटकन पेट घेतं, म्हणून स्वयंपाकघरात किंवा देवघरातल्या समईच्या आसपास हे काम नको. धुतलेलं गढूळ पाणी किंवा अल्कोहोल मोरीत ओतू नका. बरणीत उन्हात ठेवा, रेझिन घट्ट होऊन तळाशी बसतं. ते गाळून कचऱ्यात टाका.

धुतल्यावर डबा पूर्ण, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात कोरडा होईपर्यंत यूव्हीखाली ठेवायचा नाही. ओल राहिली तर तिथे पांढरे डाग कायमचे बसतात. आणि यूव्ही थोडा वेळच. पारदर्शक रेझिनला जास्त यूव्ही मिळालं की ते पिवळं पडतं. आपल्याकडचं दुपारचं ऊन जोरदार असतं. गच्चीत काही मिनिटं फिरवत धरलं तरी काम होतं. सकाळी गॅलरीत ठेवून ऑफिसला गेलात तर संध्याकाळी जुन्या प्लॅस्टिकच्या पिंपासारखा पिवळट डबा हाती येईल. तो रंग परत काढता येत नाही.

खिडक्या

यंत्रातून निघालेला डबा धुरकट दिसतो. घाबरू नका, रेझिन आतून स्वच्छच असतं. पृष्ठभागावरच्या बारीक खाचा उजेड इकडेतिकडे फेकतात म्हणून तो दुधाळ वाटतो. खिडकीवर पाण्याचा एक थेंब पसरून पाहा: पाणी खाचा भरतं आणि तेवढी जागा लगेच आरपार दिसते. वार्निश मारल्यावर खिडकी कशी दिसेल, याचा अंदाज या थेंबावरून येतो.

पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घ्या: आधी ६०० नंबरचा, मग अधिकाधिक बारीक १०००, १५००, शेवटी २०००. प्रत्येक पायरीला घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. आतल्या बाजूसाठी आइस्क्रीमच्या काडीला पेपर चिकटवा. नंतर गाडीच्या रंगाला लावतात ते रबिंग कंपाउंड मऊ कापडावर घेऊन चोळा आणि ग्लॉस वार्निशचा एक पातळ थर द्या.

पण हे सगळं फक्त केबिनची काच, हेडलाइट आणि इंडिकेटर यांच्यासाठी. प्रवाशांच्या खिडक्या आतून धुरकटच राहू द्या. त्यामुळे उजेड पसरतो आणि एलईडीचा टोचणारा ठिपका दिसत नाही. कितीतरी लोक सगळ्या खिडक्या चकचकीत करतात आणि मग आतून बटर पेपर चिकटवतात, म्हणजे आधी घासून काढलेलं पुन्हा आणून बसवतात.

काळोख रंगवणं

आता मुख्य काम. भिंत का उजळते, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे थर कंटाळवाणे वाटणार नाहीत. रेझिनचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना उजेड किती वळतो ते सांगणारा आकडा, सुमारे १.५ असतो. भिंतीच्या आत शिरलेला किरण पृष्ठभागावर ४२ अंशांपेक्षा जास्त तिरका आदळला तर बाहेर पडत नाही, आतच परत फिरतो आणि भिंतीतून पुढे धावत राहतो. फायबर केबलमध्ये हेच घडतं. वाटेत एखादा ओरखडा, कोपरा किंवा खिडकीची कड लागली की तिथून तो बाहेर फुटतो. म्हणून केवळ बाहेरून रंग देऊन भागत नाही. बाहेरून रंगवलेल्या डब्यात आतल्या एलईडीचा उजेड भिंतीत शिरतच राहतो आणि प्रत्येक खिडकीभोवती एक उजळ रेघ उमटते. भिंतीला दोन्ही बाजूंनी काळा रंग हवा.

क्रम असा ठेवा.

आधी झाकणं. प्रवाशांच्या खिडक्या, केबिनची काच आणि इंडिकेटरचा चौकोन यांवर मास्किंग टेप लावून नव्या ब्लेडने कडेने कापा, आत आणि बाहेर दोन्हीकडे. बोथट ब्लेड टेप ओढतं आणि कड फाटते, त्यामुळे दर चारपाच खिडक्यांनंतर टोक मोडून नवं घ्या. हेडलाइटच्या गोल भिंगासाठी झाकणारं द्रव मिळतं, ते काडीने ठेवा.

मग दोन्ही बाजूंनी काळा. स्प्रे असो वा ब्रश, दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा चांगले. दरवाज्यांच्या उघड्या कडा, छताची खालची कड आणि भिंतीचा तळाचा काठ विसरू नका. उजेड सर्वांत जास्त तिथूनच निसटतो. पावसाळ्यात हवा दमट असताना स्प्रे मारला की रंगावर पांढरी साय येते. जुलै-ऑगस्टमध्ये मी ब्रशने ॲक्रिलिक लावणंच पसंत करतो.

काळा वाळला की खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च डब्यात घाला आणि डबा हळूहळू फिरवा. टाचणीच्या टोकाएवढे तारे दिसतील. प्रत्येकावर ब्रशने एकेक ठिपका. पुन्हा टॉर्च, पुन्हा ठिपके. तारे दिसेनासे होईपर्यंत पुढच्या रंगाला हात लावायचा नाही. माझ्या अनुभवात या फेऱ्या तीनचार होतात, आणि मॉडेल चांगलं की कामचलाऊ हे याच वेळी ठरतं.

काळ्यावर थेट पांढरा-जांभळा किंवा जुन्या गाड्यांचा तपकिरी-पिवळा लावला तर रंग मेल्यासारखा दिसतो. मध्ये राखाडी आणि त्यावर पांढरा प्राइमर द्या, मग हवा तो रंग. २००७ पासून आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्या करणार असाल तर पांढरा पाया आपोआप उपयोगी पडतो. आतल्या बाजूला काळ्यावर पांढरा द्या. छत आणि भिंती पांढऱ्या असल्या की थोडक्या दिव्यांतही डबा भरून उजळतो.

केबिन आणि प्रवाशांचा डबा यांच्यामध्ये काळ्या कार्डशीटची एक भिंत बसवा, आणि केबिनच्या आतून सगळं काळंच ठेवा. समोरची काच काळोखी राहिली की तिच्या आजूबाजूचा हेडलाइट दुप्पट खरा वाटतो.

टेप काढायची ती रंग पूर्ण कडक होण्याआधी, स्वतःवरच दुमडून, सावकाश. खिडकीचे गज हवे असतील तर बारीक तांब्याची तार ताणून सरळ करा, कापा आणि आतून फेव्हिकॉलच्या थेंबाने चिकटवा. सुपरग्लू पारदर्शक भागाजवळ आणू नका. त्याची वाफ काचेवर पांढरा धूसर पट्टा बसवते आणि आत्ताच केलेली मेहनत वाया जाते.

दिव्यांचा हिशोब

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत, नाहीतर ऑनलाइन मिळतं. हवं ते एवढंच: केसासारख्या बारीक वायरी आधीच जोडलेले ०६०३ किंवा ०८०५ आकाराचे एलईडी, एकदोन ३ मिलिमीटरचे पांढरे, रेझिस्टर (करंट आटोक्यात ठेवणारा छोटा भाग), एक दोन-बाजूंचा स्विच आणि साधा मल्टिमीटर. ०६०३ म्हणजे १.६ बाय ०.८ मिलिमीटर, तिळाहून लहान. त्याला स्वतः वायर जोडण्याचा हट्ट पहिल्याच मॉडेलवर करू नका.

लोकलच्या आतला उजेड पांढराशुभ्र असतो, त्यामुळे ६००० ते ६५०० केल्विनचे, म्हणजे कूल व्हाइट एलईडी घ्या. पिवळसर वॉर्म व्हाइट लावलात तर डबा हॉटेलसारखा दिसेल.

आता रेझिस्टर. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लाल एलईडीला सुमारे २. मोबाइलच्या चार्जरमधून ५ व्होल्ट येतात. उरलेले व्होल्ट भागिले हवा तो करंट, एवढंच गणित आहे. पांढऱ्यासाठी ५ वजा ३ म्हणजे २ व्होल्ट; १ किलोओहमचा रेझिस्टर लावला तर २ मिलिअँपिअर मिळतात. या एलईडींची मर्यादा बहुधा २० असते, पण मॉडेलला २ पुष्कळ होतात. हेडलाइटला ४७० ओहम लावा, चारेक मिलिअँपिअर मिळतील. लाल दिव्याला १ किलोओहम. हा रेझिस्टर तपकिरी, काळा, लाल या पट्ट्यांवरून ओळखता येतो.

प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर द्या. एकाच रेझिस्टरवर पाच एलईडी समांतर जोडले की त्यांतला एखादा जास्त करंट खेचतो, बाकीचे मंद पडतात आणि उजेड असमान होतो. रेझिस्टर स्वस्तात स्वस्त वस्तू आहे, तिथे काटकसर नको.

अर्ध्या डब्याला छताखाली चार एलईडी पुरतात, दोन रांगांत. ते अंधारात लावून पाहा आणि दिव्याच्या उजेडात नाही. उजेडी खोलीत मंद वाटलेला डबा अंधारात बरोबर दिसतो. तरी भगभगीत वाटला तर १ किलोओहमच्या जागी २.२ घाला. कमी उजेडाने मॉडेल बिघडलेलं मी पाहिलेलं नाही, जास्त उजेडाने बिघडलेली बरीच पाहिली आहेत.

हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटर

३ मिलिमीटर एलईडीचं गोल डोकं पॉलिश पेपरवर घासून सपाट करा, म्हणजे ते भिंगाला टेकून बसेल. त्याच्या अंगाभोवती ॲल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळा आणि वर काळा रंग द्या. पट्टी वायरींच्या पायांना टेकू देऊ नका, शॉर्ट होईल. खड्ड्याची आतली भिंतही काळी हवी, नाहीतर हेडलाइट केबिनचा सगळा चेहरा उजळवतो.

गाडीच्या एकाच टोकाला हेडलाइट आणि लाल टेललाइट एकत्र पेटत नाहीत. पुढचं टोक पांढरं, मागचं लाल. म्हणून दोन-बाजूंचा स्विच: इकडे केला की हेडलाइट, तिकडे केला की लाल. तेवढ्याने तुमचा अर्धा डबा येणारी गाडीही होतो आणि जाणारीही.

केबिनवर पिवळा फ्लॅशरही असतो. आपोआप लुकलुकणारे एलईडी मिळतात, तेव्हा तो लावायचा मोह होतो. पण खऱ्या गाडीत तो शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीला धोक्याचा इशारा देण्यासाठी असतो. बसवायचा तर वेगळ्या स्विचवर बसवा आणि एरवी बंद ठेवा. रेल्वे ओळखणाऱ्या माणसाला विनाकारण लुकलुकणारा फ्लॅशर बघवत नाही.

इंडिकेटरसाठी ओएचपी शीटवर काळ्या चौकोनात अक्षर कोरं सोडून लेझर प्रिंट काढा. कसाऱ्यासाठी एन, कर्जतसाठी एस, तुमच्या घराकडे जाणारी जी गाडी असेल ती. एका प्रिंटची काळी शाई उजेड पुरता अडवत नाही, म्हणून दोन प्रिंट अचूक एकावर एक ठेवा. मागे बटर पेपरचा तुकडा आणि त्यामागे एक एलईडी, स्वतःच्या छोट्या काळ्या खोक्यात.

जोडणी

सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूने वायरी जोडणं, डब्याच्या बाहेर करा. तापलेलं टोक रेझिनला क्षणभर लागलं तरी तिथे खूण पडते. प्रत्येक एलईडी बसवण्याआधी, बसवल्यावर आणि वायर खोबणीत दाबल्यावर, असा तीनदा पेटवून पाहा. सगळ्या धन वायरींना लाल आणि ऋण वायरींना काळ्या रंगाचा ठिपका द्या. बारीक तांब्याच्या तारा दहा मिनिटांनी एकसारख्या दिसू लागतात. रेझिस्टर डब्यात कोंबू नका. ते खाली पायाच्या पेटीत, रुळाखाली ठेवा, म्हणजे उजेड कमी-जास्त करायला डबा उघडावा लागणार नाही.

काहीजण एलईडी थेट पारदर्शक इपॉक्सीत (दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये) ओतून कायमचा बसवतात. सिग्नलसारख्या लहान गोष्टीत ते सुंदर दिसतं. डब्यात करू नका: बंद पडलेला दिवा बदलता येणार नाही. शिवाय इपॉक्सी घट्ट होताना गरम होतं, आणि जाड थर ओतला तर बारीक वायरींच्या जोडांना ते सोसत नाही. जमीन दोन लहान स्क्रूंनी किंवा चुंबकांनी बसवा.

पॉवर बँकवर मॉडेल चालवायचं असेल तर आधी तपासा. तुमच्या सगळ्या दिव्यांना मिळून पंधराएक मिलिअँपिअरही लागणार नाहीत, आणि एवढ्या कमी करंटला बऱ्याच पॉवर बँका काही जोडलेलंच नाही असं समजून थोड्या वेळात बंद होतात. दिव्यात दोष शोधत बसू नका. जुना मोबाइल चार्जर किंवा तीन पेन्सिल सेल वापरा.

पायाच्या पेटीवर डब्यालगत फलाटाची एक अरुंद पट्टी करा, फिकट राखाडी, अगदी साधी. दरवाज्यातून पडणारा पांढरा चौकोन टिपायला काहीतरी हवं असतं. खोलीतले दिवे बंद करा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या आणि मग स्विच दाबा.